मेण, तेल, रंग आणि हार्बर लाइन

वाशी आणि मानखुर्दच्या मध्ये ठाण्याची खाडी आहे. एरवी दर दोन-तीन मिनिटांनी थांबणारी हार्बर लाइनची लोकल इथे सात-आठ मिनिटं कुठेच थांबत नाही. लेडीज डब्यातल्या बायकांना हे घड्याळ न बघताही ठाऊक असतं. पनवेल, बेलापूर, नेरुळहून बसून आलेल्या एव्हाना स्थिरावलेल्या असतात, वाशीला चढलेल्यांनी उभं राहायला जागा शोधलेली असते, आणि मानखुर्द येईपर्यंत दारातून धक्का येणार नसतो. मग पर्सच्या चेनी उघडतात. तळहाताएवढा आरसा निघतो, त्यामागून अंगठ्याएवढी जाड एक नळी. गालांवर दोन रेघा, ओठांवर एक, बोटाने चार थापट्या. पूल ओलांडेपर्यंत चेहरा तयार.

या पुलावरून रेल्वे सुरू झाली ९ मे १९९२ रोजी. त्याच आठवड्यात, ५ मे रोजी, पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल धावली. सिडकोने १९७० पासून आखत आणलेल्या नवी मुंबईतून नोकरीसाठी मुंबईला रोज ये-जा करणं बायकांना खऱ्या अर्थाने जमू लागलं ते हा पूल सुरू झाल्यावर. डबा भरून, पोरांना शाळेच्या बसमध्ये बसवून, रिक्षाने स्टेशन गाठणाऱ्या बाईला घरच्या आरशासमोर पाच मिनिटं मिळाली तर मिळाली. लोकलमधला मेकअप ही हौस कमी आणि वेळेची तडजोड जास्त आहे.

या तडजोडीला क्रीम स्टिक फार सोयीची पडते. पातळ फाउंडेशनची बाटली धक्क्याने सांडते, पावडर शेजारणीच्या काळ्या कुर्त्यावर उडते, ब्रश फिरवायला कोपर बाहेर काढावं लागतं. स्टिकला यातलं काही लागत नाही. तक्रार एकच, आणि ती बरोबर आहे: सकाळी छान दिसलेला रंग कुर्ल्याला पोचेपर्यंत घसरतो, नाकाच्या कडेला साचतो, दुपारी ऑफिसच्या आरशात ठिगळासारखा दिसतो. दोष बहुतेक वेळा ब्रँडचा नसतो. स्टिक कशाची बनते आणि आपली हवा तिचं काय करते, हे कळलं की क्रम आपोआप सुधारतो.

स्टिकमध्ये मुळात तीन गोष्टी असतात: मेण, तेल आणि रंगाची बारीक पूड. फाउंडेशन असो, कन्सीलर असो की ब्लश, प्रमाण बदलतं, कूळ तेच राहतं. मधमाश्यांचं मेण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळतं. मेक्सिकोच्या वाळवंटातल्या झुडपापासून मिळणारं कॅन्डेलिला सत्तरच्या आसपास, तर ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर धरणारं कार्नोबा ८२ ते ८६ अंशांना वितळतं. कारखान्यात ही मेणं तेलाबरोबर तापवतात, तेलातच घोटून घेतलेला रंग त्यात घालतात आणि गरम मिश्रण साच्यात ओततात. निवताना मेणाचे पापुद्र्यासारखे सूक्ष्म स्फटिक बनतात आणि पत्त्यांच्या बंगल्यासारखे एकमेकांना टेकून उभे राहतात. तेल त्या बंगल्याच्या खोल्यांत अडकून पडतं. स्टिकमध्ये मेणापेक्षा तेल कितीतरी जास्त असतं, तरी ती हाताला कडक लागते ती याच रचनेमुळे.

गालावर स्टिक फिरवली की टोकाशी ही रचना मोडते, तेल मोकळं होतं आणि रंग घेऊन पसरतं. चेहऱ्याच्या त्वचेचं तापमान ३२ ते ३४ अंश असतं. मेण वितळवायला ते अगदीच अपुरं. काम होतं ते घासण्याने आणि बोटाच्या कोमटपणाने. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण गार पडलेली स्टिक एसीच्या केबिनमध्ये जोर लावून गालावर ओढणं हा तिच्या वापराचा सर्वांत वाईट प्रकार. खालचं सनस्क्रीनही त्याबरोबर खरवडून निघतं. आधी बोटावर घोळवावी, मग गालावर थापावी.

तेलांमध्ये आपलं एरंडेल जुनं आणि अजूनही मानाचं. ते दाट असतं, चमक देतं आणि रंगाची पूड चांगली धरून ठेवतं. जगात सर्वाधिक एरंडी भारतात पिकते आणि त्यातली बहुतांश गुजरातेत. तेव्हा विमानतळावरच्या काचेच्या दुकानात काही हजारांना मिळणाऱ्या परदेशी लिपस्टिकमध्ये मेहसाण्याच्या शेतातलं तेल असणं मुळीच अशक्य नाही. लहानपणी नाक दाबून प्यायला लावलेलं तेच एरंडेल.

अलीकडच्या ‘लाँग वेअर’ स्टिकमध्ये आणखी एक घटक असतो: हवेत उडून जाणारं द्रावण. ते लावल्यावर मिनिटाभरात उडतं आणि मागे पातळ, लवचीक पापुद्रा ठेवतं. अशी स्टिक घाम आणि मास्क दोन्ही सोसते, पण पसरवायला सवड देत नाही. दोन्ही गालांवर रेघा ओढून मग निवांत बोट फिरवायला घेतलं तर दुसरा गाल तोवर सुकलेला असतो. एका वेळी एकच गाल. अशा स्टिकचं टोपण सैल राहिलं तर द्रावण डबीतच उडून जातं आणि महिन्याभरात ती खडूसारखी होते. बराच वेळ ओलसर राहणारी साधी स्टिक शिकणाऱ्या हातासाठी बरी, लोकलच्या धक्क्यांसाठी तर अधिकच बरी.

मे महिन्यात स्टिकवर दवासारखे थेंब आलेले पुष्कळ जणींनी पाहिले असतील. माल खराब झाला असं वाटून ती फेकली जाते. तो घाम असतो, स्टिकचा. उष्णतेने मेणाची रचना थोडी सैल पडते आणि अडकलेलं तेल बाहेर झिरपतं. मेणात तेल मिसळलेलं असल्यामुळे स्टिक शुद्ध मेणाच्या कितीतरी आधीच मऊ पडते, आणि सीवूड्सच्या मॉलबाहेर उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत पारा सहज पन्नाशीपार जातो. तिथे विसरलेली स्टिक पुन्हा घट्ट झाली तरी तिचा पोत दाणेदार होतो. नुसते थेंब आलेली स्टिक मात्र टिश्यूने टिपून वापरता येते. वास खवट झाला असेल तरच टाकावी.

मेणावर रंग बसवण्याची ही युक्ती परदेशातून आली असं समजायचं कारण नाही. मराठी घरात एक फणेरपेटी असायची: लाकडी, झाकणाला आतून आरसा लावलेला. फणी, काजळाची डबी आणि कुंकवाचा करंडा यांच्या शेजारी मेणाची छोटी डबी. आधी बोटाच्या टोकाने कपाळावर मेणाचा गोल टेकवायचा, मग त्यावर कोरडं कुंकू दाबायचं आणि सांडलेलं झटकायचं. शेतात, चुलीपुढे, पाणवठ्यावर घाम कितीही येवो, ते कुंकू संध्याकाळपर्यंत जागचं हलत नसे. सोलापूर जिल्ह्यातल्या केम गावचं कुंकू प्रसिद्ध आहे. ते कितीही उत्तम असलं तरी मेणाशिवाय गळालंच असतं. खाली तेलकट, वर कोरडं, हा आजच्या प्रत्येक मेकअप वर्गात शिकवला जाणारा पहिला नियम आपल्या आज्या-पणज्या रोज सकाळी पाळत होत्या. टिकलीच्या पाकिटाने ती डबी घरातून घालवली.

रंगभूमीवर याच गरजेने दुसरं वळण घेतलं. जुने नट सफेदा, पिवडी, हिंगूळ असे कोरडे रंग पाण्यात किंवा तेलात कालवून तोंडाला फासत. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं संयुग, शेंदूर शिशाचं. या रंगांनी किती चेहऱ्यांची वाट लावली असेल याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. युरोपात ऑपेरा गायक लुडविग लाइश्नर याने १८७० च्या दशकात बर्लिनमध्ये चरबी-मेणातल्या रंगाच्या कांड्यांचा कारखाना काढला, आणि नटाची रंगपेटी खिशात मावू लागली. पुढे पोलंडमध्ये जन्मून अमेरिकेला गेलेल्या मॅक्स फॅक्टरने १९१४ मध्ये सिनेमासाठी पातळ थराचा रंग काढला, कारण कॅमेऱ्यासमोर जाड लेप हसताना तडकायचा. १९२३ मध्ये लिपस्टिकची नळी पिळून वर काढायच्या रचनेचं पेटंट अमेरिकेत नोंदवलं गेलं. तोवर कागदात गुंडाळलेल्या कांड्या किंवा ढकलायच्या नळ्या होत्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्याच फॅक्टरच्या कंपनीने ‘पॅन-स्टिक’ नावाने फाउंडेशनच अशा नळीत भरलं. स्टुडिओतला रंग स्टिकच्या रूपात सामान्य बाईच्या पर्समध्ये आला तो तेव्हा.

आपल्याकडे १९५२ साली टाटांनी मुंबईत ‘लॅक्मे’ सुरू केली. सिमोन टाटा १९६१ मध्ये तिच्या संचालक मंडळावर आल्या आणि पुढे त्यांनीच ती नावारूपाला आणली. नव्वदच्या दशकात ती हिंदुस्तान लिव्हरकडे गेली. लॅक्मेच्याही आधी मुंबईत पाटणवालांचा अफगाण स्नो घरोघर होता. पण ते व्हॅनिशिंग क्रीम. त्यात झाकायला रंग नव्हता, पावडर बसवायला गुळगुळीत पाया मात्र मिळायचा. स्नो आणि वर पावडर या जोडीवर मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांची लग्नं पार पडली. त्या पावडरीचा पांढरा थर अजून जुन्या फोटोंत दिसतो.

पांढरा थर ही तक्रार आजही गेलेली नाही, फक्त तिचं कारण आता नीट सांगता येतं. फाउंडेशनच्या स्टिकमधला त्वचेचा रंग चार पुडींच्या मेळाने बनतो: तांबडं, पिवळं आणि काळं लोह-ऑक्साइड, आणि पांढरं टायटॅनियम डायॉक्साइड. फिकी शेड म्हणजे टायटॅनियम जास्त. सावळ्या त्वचेवर ही पांढरी पूड पडली की चेहरा उजळत नाही, राखट दिसतो. फिक्या गुलाबी ब्लशचंही तेच. त्यात रंग थोडा आणि पांढरं फार, म्हणून गहूवर्णी गालावर तो खडू लावल्यासारखा बसतो. आपल्या त्वचेला भरदार रंग शोभतात: विटकरी, डाळिंबी, अंजिरी, कोकमी. दुकानात नळीतला कोकमी रंग पाहून छाती दडपते, पण बोटाने पातळ केल्यावर तो गालावर नुसती लाली ठेवतो. दुकानदार ‘फेअर स्किनवर छान दिसेल’ म्हणत जे पुढे करतो ते बाजूला सारावं, हे माझं स्पष्ट मत.

आता प्रत्यक्ष चेहरा. तोंड धुऊन, हलकं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन घरीच लावून निघावं. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीइतक्या दोन रेघा सनस्क्रीन चेहरा आणि मानेला लागतं. त्याहून कमी लावलं तर डबीवर छापलेला एसपीएफ मिळत नाही. रिक्षा आणि तिकिटाच्या रांगेत दहा-पंधरा मिनिटं जातातच, तेवढ्यात ते बसतं. ओल्या सनस्क्रीनवर स्टिक फिरवली तर दोन्हींचे गोळे होतात, शेवया वळल्यासारखे निघतात. पुष्कळ जणी यासाठी स्टिकला दोष देतात.

लोकलमध्ये चढताना हाताने दांडी धरलेली असते, दाराची, हँडलची. तोच हात चेहऱ्यावर फिरवायच्या आधी ओल्या टिश्यूने किंवा सॅनिटायझरने साफ करून पुरता सुकू द्यावा. ओला सॅनिटायझर डोळ्याजवळ गेला तर उरलेला प्रवास रडण्यात जाईल.

फाउंडेशन स्टिक सगळ्या चेहऱ्याला लावायची नसते. इथेच वेळ आणि रंग दोन्ही वाया जातात. नाकपुड्यांच्या कडा, ओठांचे कोपरे, हनुवटीवरचा काळसर भाग, एखादा डाग, एवढ्या ठिकाणी टिंब द्यावं आणि कडा तेवढ्या थोपटून मिसळाव्यात. बाकीची त्वचा मोकळी राहिली तर चेहरा चेहऱ्यासारखा दिसतो. अनामिकेने थोपटलं तर उत्तम, कारण त्या बोटाचा दाब आपोआप कमी पडतो. मागेपुढे घासू नये. घासण्याने लावलेला रंग उचलला जातो, थोपटण्याने तो त्वचेच्या बारीक रेषांत बसतो.

डोळ्यांखालच्या काळोखाला वेगळा इलाज लागतो. तिथली छटा निळसर-तपकिरी असते. तिच्यावर त्वचेच्या रंगाचं कन्सीलर लावलं की राखाडी होतं. आधी नारिंगी किंवा पीच रंगाच्या स्टिकचा अगदी मुगाएवढा ठिपका द्यावा. नारिंगी आणि निळा एकमेकांना मारतात, हे चित्रकलेच्या तासाला शिकलेलं रंगचक्र इथे कामी येतं. नारिंगी नीट मिसळल्यावर वर दुसरं काही लावायची बऱ्याचदा गरजच उरत नाही. लोकलच्या डब्यातला दिवा डोक्यावर असतो आणि त्याची सावली नेमकी डोळ्यांखाली पडते, म्हणून तिथे सगळ्यांचेच डोळे खोल दिसतात. त्या आरशावर विश्वास ठेवून थर चढवत जाऊ नये. खिडकीकडे तोंड करून एकदा पाहावं.

ब्लशची स्टिक हाताच्या पाठीवर घासून, तिथून बोटाने उचलावी. गालाच्या फुगवट्यावर न लावता थोडं वर, कानाकडे जाणाऱ्या हाडावर थोपटावी, कारण उकाड्याने तासाभरात गालाचा मधला भाग आपसूक लाल होतोच आणि तिथेच ब्लश असला तर तापाने फणफणल्यासारखं दिसतं. बोटाला उरलेला रंग पापण्यांवर. तीच स्टिक ओठांवर. एकाच रंगाची तीन ठिकाणं जुळतात, त्यामुळे घाईतही चेहरा विचार करून सजवल्यासारखा वाटतो. मात्र डबीवर ती डोळ्यांसाठी आणि ओठांसाठी चालते असं लिहिलेलं आहे ना, ते पाहावं. काही लाल रंग डोळ्यांभोवती वापरायला योग्य नसतात.

कॉन्टूर आणि हायलायटर हे दोन प्रकार रोजच्या चेहऱ्यातून बिनधास्त वगळावेत. कॉन्टूरने पाडलेली सावली कॅमेऱ्यासमोर, ठरलेल्या प्रकाशात शोभते. महापे किंवा ऐरोलीच्या ऑफिसातल्या सपाट पांढऱ्या उजेडात ती मळासारखी दिसते. आणि हायलायटरची चमक विकत घ्यायला हार्बर लाइनवर कुणालाच खर्च करावा लागत नाही.

काजळ शेवटी, आणि गाडी स्टेशनात उभी असताना. धावत्या डब्यात डोळ्यात पेन्सिल घालणाऱ्या बायकांचं धाडस पाहून माझा जीव वरखाली होतो. काजळाची स्टिक हीदेखील मेणाचीच. घरी पाडलेल्या काजळात दिव्याची काजळी आणि एरंडेल किंवा तूप असे, इथे त्याला मेणाने आकार दिलेला. म्हणून ते पसरण्याचं कारणही तेच, त्वचेचं तेल. खालच्या पापणीखाली आधी कोरडं टिपून घेतलं आणि लावल्यावर काळ्या आयशॅडोची चिमूट बोटाने दाबली, तर ते दुपारपर्यंत तरी टिकतं.

पावडरही अशीच अगदी शेवटी आणि फक्त कपाळाच्या मध्यावर, नाकावर आणि हनुवटीवर. पावडर आधी आणि क्रीम नंतर केलं तर तेल पावडरीचे कण ओढून गोळा करतं आणि ठिगळं उमटतात. क्रम बदलला की तीच पावडर वरचं तेल शोषून थर घट्ट करते. मेणावर कुंकू.

नवी मुंबईची हवा या सगळ्याची वेगळी परीक्षा घेते. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला पारसिकचे डोंगर. पावसाळ्यात हवेत पाणी इतकं असतं की घाम वाळत नाही, चेहऱ्यावर तसाच उभा राहतो. तरी मेकअपचा खरा शत्रू घाम नव्हे. घाम पाण्याचा असतो आणि मेण-तेलाचा थर पाण्याला दाद देत नाही. चेहऱ्याच्या ग्रंथींतून येणारं तेल मात्र त्या थरात शिरतं, त्याला पातळ करतं आणि खाली वाहून नेतं. त्यामुळे थर जितका जाड, तितका तो लवकर सरकतो. घाम आला की रुमालाने पुसायची सवय आपल्याला आहे. पुसल्याने घामाबरोबर रंगही जातो. पातळ सुती रुमाल किंवा टिश्यू चेहऱ्यावर दाबून टिपावं. तेल टिपून घेतल्यावरच वाटलं तर पावडर लावावी, नाहीतर तेल आणि पावडर यांची कणीक होते. दिवसभर एसीत बसणाऱ्यांना उलट त्रास होतो: कोरड्या हवेत कोरडी पावडर ओठांभोवती भेगाळते. त्यांना नुसती स्टिक, पावडरीशिवाय, जास्त मानवते.

रंगाच्या या थराचा एक फायदा त्वचारोगतज्ज्ञ आवर्जून सांगतात. वांग, म्हणजे गालांवरचे तपकिरी डाग, सावळ्या त्वचेत केवळ अतिनील किरणांनीच नव्हे तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात. पारदर्शक सनस्क्रीन हा प्रकाश फारसा अडवत नाही. लोह-ऑक्साइड अडवतं. म्हणून वांग असलेल्यांना रंगीत सनस्क्रीन सुचवतात. फाउंडेशनच्या स्टिकमध्येही लोह-ऑक्साइड असतंच, तेव्हा सनस्क्रीनवर तिचा पातळ थर हे नुसतं नटणं उरत नाही. सनस्क्रीनची जागा ती घेत नाही, एवढं मात्र खरं.

संध्याकाळी हा थर काढताना लोक चुकतात. फेसवॉश लावून तोंड कितीही घासलं तरी मेण पुरतं निघत नाही, टॉवेलवर तांबूस डाग राहतो. मेणाला तेलच सोडवतं. क्लेन्सिंग ऑइल किंवा बाम कोरड्या चेहऱ्यावर कोरड्या हाताने चोळावं, मग पाणी, मग फेसवॉश. खोबरेल तेलानेही काम होतं आणि ते प्रत्येक घरात असतं, पण ज्यांना मुरमं येतात त्यांच्या त्वचेची छिद्रं ते बुजवू शकतं. त्यांनी ते टाळलेलं बरं.

स्टिकमध्ये बहुधा पाणी नसतं, त्यामुळे जंतू तिच्यात सहसा वाढत नाहीत आणि ती क्रीमपेक्षा जास्त टिकते. डबीवर उघड्या बरणीचं चित्र आणि त्यात १२ किंवा २४ असा आकडा असतो; उघडल्यापासून तितके महिने. पण हे संरक्षण एकीच्या वापरापुरतं. डब्यातल्या मैत्रिणीच्या ओठांवरून थेट आपल्या ओठांवर आलेली स्टिक तोंडावरची नागीणही घेऊन येऊ शकते. वाटून वापरायचीच असेल तर प्रत्येकीने स्वच्छ बोटाने किंवा इअरबडने उचलावी.

डब्यात क्लिपा-टिकल्यांच्या ट्रेबरोबर शंभर रुपयांच्या आत प्रसिद्ध ब्रँडच्या नावाच्या लिपस्टिकही फिरतात. क्लिपा जरूर घ्याव्यात, रबरबँड घ्यावेत. चेहऱ्याला लावायची वस्तू तिथे घेऊ नये. भारतात सौंदर्यप्रसाधनांना १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे नियम लागू आहेत. वापरलेल्या रंगात शिसं दहा लाख भागांत २० भागांपेक्षा आणि आर्सेनिक २ भागांपेक्षा जास्त चालत नाही. वेष्टनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत असलीच पाहिजे. बाहेरून आलेल्या मालावर आयात नोंदणीचा क्रमांकही. बनावट मालाला यातला एकही नियम लावता येत नाही, कारण तो कुणी बनवला हेच कळत नाही.

ही भीती कागदी नाही. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेलं गोरेपणाचं क्रीम लावून मूत्रपिंडाचा विकार झाल्याची बातमी आली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा पारा सापडला. त्याच वर्षी नवी मुंबईतल्या एका रुग्णालयातही गोरेपणाच्या क्रीममुळे मूत्रपिंड बिघडलेले रुग्ण आढळले. ती क्रीम होती, रंगाच्या स्टिक नव्हत्या. पण नाव-पत्ता नसलेल्या डबीतून त्वचेवर काय जातं याचा अंदाज त्यावरून येतो. ‘हर्बल’ हा शब्द छापायला कुठली तपासणी लागत नाही. स्टिकने रंग सारखा करावा, गोरा करू नये. तसं वचन देणाऱ्या वस्तूपासून दूर राहावं.

नवी स्टिक घ्यायची असेल तर वाशीच्या सेक्टर १७ मध्ये घ्या किंवा सीवूड्सच्या मॉलमध्ये, दुकानाच्या उजेडात ठरवू नका. मनगटावरही लावून पाहू नका. मनगट चेहऱ्यापेक्षा बहुधा उजळ असतं. टेस्टरमधला रंग स्वच्छ इअरबडने घेऊन जबड्याच्या कडेला तीन शेडच्या तीन रेघा ओढा, दुकानाबाहेर येऊन उन्हात आरसा धरा. जी रेघ दिसेनाशी झाली, ती तुमची. पैसे त्यानंतर द्या. आणि पहिल्या दिवशी ती कानामागे लावून रात्रभर ठेवा. खाज किंवा पुरळ आलं नाही, तर दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये न्या.